मिझुकींची भुतावळ : मोहिनी आणि मर्यादा
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी भुताखेतांवर बोलावयास उभे राहणे औचित्याला धरून आहे काय, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यांवर आम्हांला स्पष्ट दिसते आहे. कार्यवाहांनी जेव्हा भाषणाचा विषय विचारला, तेव्हा ज्ञानेश्वरी, नाट्यसंगीत किंवा निदान निवृत्तिवेतनाचे नवे नियम यांपैकी काहीतरी उत्तर मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. ‘जपानी भुतांची चित्रकथा’ हे उत्तर ऐकून ते क्षणभर थबकले आणि ‘लहान मुलेही असतील हो समोर!’ एवढेच म्हणाले. मुलांना रात्री आईवडिलांना उठवावे लागणार नाही, असा शब्द आम्ही त्यांना दिलेला आहे. मोठ्यांविषयी मात्र कोणतीच हमी दिलेली नाही.

आणखी एक कबुली आधीच देऊन टाकतो. आम्ही साहित्याचे पंडित नव्हे. बी. ए. झालो त्याला तीन तपे होत आली; पुढचे सारे वाचन फायलींचे. जपानी भाषा आम्हांला येत नाही. सारी भिस्त इंग्रजी भाषांतरावर. तरीही या विषयावर बोलावेसे वाटले, त्याला कारण आमची कन्या.

नोकरीच्या बदल्यांमुळे आमच्या कन्येचा जन्म एका प्रांतात, शाळा दुसऱ्या प्रांतात आणि महाविद्यालय तिसऱ्या प्रांतात, असे झाले. गेल्या उन्हाळ्यात ती सुट्टीवर आली, तेव्हा तिच्या पिशवीत एक जाडजूड चित्रपुस्तक होते. नाव ‘कितारो’, चित्रकार शिगेरु मिझुकी. कॅनडातील एका प्रकाशनसंस्थेने २०१३ साली काढलेले ते इंग्रजी भाषांतर. ही असली पुस्तके वाचण्याचे तिचे वय उलटून गेले आहे, हे सांगण्यासाठी आम्ही ते हातात घेतले, आणि रात्री दीड वाजता खाली ठेवले. सकाळी चहाच्या वेळी कन्येने सहज विचारले, “बाबा, आपल्याकडची भुतं कशी दिसतात?”

“मुंजा असतो,” आम्ही उत्साहाने सुरुवात केली, “तो असतो पिंपळावर. आपल्या गावाला शाळेच्या वाटेवर, ओहोळाच्या अलीकडे, एक पिंपळ होता...”

“हो, पण तो दिसतो कसा?”

आणि बंधुभगिनींनो, आम्ही निरुत्तर झालो. वडिलांच्या आत्याने, जिला आम्ही मोठी आत्या म्हणत असू, तिने मुंज्याच्या किमान वीस गोष्टी आम्हांला सांगितल्या असतील. परंतु तो दिसतो कसा, हे तिने कधी सांगितले नाही आणि आम्ही कधी विचारले नाही. तो राहतो कोठे, कोणत्या वेळी त्या वाटेने जाऊ नये, गेल्यास काय म्हणावे, एवढे सारे ठाऊक होते. आमच्या भुतांना पत्ता होता, चेहरा नव्हता. हा विचार मनात घोळवीतच आम्ही ते पुस्तक पुन्हा वाचावयास घेतले, आणि मिझुकींच्या कर्तृत्वाची थोरवी व त्याची उणीव या दोहोंची किल्ली आपल्या हाती आली असे आम्हांला वाटले.

प्रथम या माणसाविषयी. मिझुकींचे मूळ नाव शिगेरु मुरा. जन्म १९२२ साली ओसाका येथे. बालपण मात्र गेले तोत्तोरी प्रांतातील साकाइमिनातो या जपानी समुद्राकाठच्या लहानशा बंदरात. त्यांच्या घरी कामाला एक वृद्धा येत असे. देवाधर्माचे करून पोट भरणाऱ्यांना त्या भागात ‘नोन्नोन’ म्हणत, म्हणून ही ‘नोन्नोन्बा’, म्हणजे नोन्नोन आजी. छताच्या लाकडावर डाग दिसला की ती पोराला सांगे, घरची माणसे झोपली की छत चाटणारे एक भूत येते, त्याच्या जिभेचे हे डाग. रात्री पाठीमागे पावलांचा आवाज येऊ लागला तर तो ‘बेतोबेतो-सान’. त्याला भ्यावयाचे नाही. वाटेच्या कडेला उभे राहून ‘आपण पुढे व्हावे’ असे नम्रपणे म्हणावयाचे, म्हणजे तो निघून जातो. भुताशी सुद्धा अदबीने वागावे, ही केवढी सुंदर शिकवण! या आजीवर मिझुकींनी पुढे ‘नोन्नोन्बा’ याच नावाची आत्मचरित्रात्मक चित्रकथा लिहिली आणि तिला २००७ साली फ्रान्समधील आंगुलेम येथील चित्रकथामहोत्सवात सर्वोत्कृष्ट ग्रंथाचा मान मिळाला.

मुलगा मोठा झाला आणि युद्ध आले. १९४३ साली त्यांची सैन्यात भरती होऊन रवानगी झाली ती न्यू गिनीच्या शेजारील न्यू ब्रिटन बेटावर, राबाउलच्या आघाडीवर. ज्या तुकडीबरोबर ते पहाऱ्यावर होते तिच्यावर हल्ला होऊन बाकीचे सारे मारले गेले. हे एकटे रान तुडवीत परतले. पुढे हिवतापाने अंथरुणाला खिळलेले असताना बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला. रानातून पळताना एके रात्री पुढची वाट अकस्मात अदृश्य भिंतीने अडवल्यासारखी झाली, हा अनुभव त्यांनी लिहून ठेवला आहे. बालपणापासून ऐकलेले ‘नुरिकाबे’ नावाचे भूत ते हेच, अशी त्यांची खात्री पटली. आपल्या कोकणात यालाच ‘चकवा’ लागला असे म्हणतात. हजारो मैलांवरच्या दोन किनाऱ्यांवरील माणसांना अंधारात एकाच प्रकारे वाट सापडेनाशी व्हावी, ही आम्हांला मोठी विचार करण्याजोगी गोष्ट वाटते.

एका हाताने परतलेल्या या मनुष्याने पोटासाठी काय केले? जपानमध्ये तेव्हा सायकलवर लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली चित्रे दाखवीत गोष्टी सांगणारे लोक असत. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीची आठवण व्हावी असा हा धंदा. त्यांच्यासाठी मिझुकी चित्रे काढू लागले. स्मशानात जन्मलेल्या कितारोची मूळ कल्पना युद्धापूर्वीच्या अशाच एका चित्रखेळातील. मूळ लेखकाच्या संमतीने १९५४ च्या सुमारास ती त्यांनी हाती घेतली. पुढे तो धंदा बसला, तेव्हा भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांसाठी चित्रकथा काढण्यास त्यांनी आरंभ केला, आणि १९६० साली तेथे कितारो नव्या रूपात अवतरला. मिळकत इतकी तुटपुंजी की संसाराची ओढाताण ठरलेली. त्यांच्या पत्नीने २००८ साली लिहिलेल्या आठवणींवरून जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने २०१० मध्ये मालिका काढली, ती तेथे घरोघर पाहिली गेली.

आता कथा थोडक्यात. फार प्राचीन अशी एक भूतजमात माणसांच्या वाढीमुळे नामशेष होत आलेली आहे. उरले आहे एक आजारी जोडपे. तेही मरते. मेलेल्या मातेच्या कबरीतून माती उकरीत एक मूल बाहेर येते, तो कितारो. त्याला एकच डोळा. दुसऱ्या डोळ्याची जागा केसांच्या झुलपाने झाकलेली. बापाचे शरीर कुजून गेले आहे, पण मुलाच्या काळजीने त्याचा एक डोळा तेवढा जिवंत राहिला, आणि त्या डोळ्याला इवलेसे हातपाय फुटले. हा डोळेबाप मुलाच्या केसांत बसतो, त्याला सल्ले देतो आणि चहाच्या वाडग्यात ऊन पाणी घालून स्नान करतो. आधी अंगावर काटा आणि मग ओठांवर हसू, असा हा चमत्कारिक रस आहे. आमच्या मते जगातील कोणत्याही भयकथेत वात्सल्याचे इतके विलक्षण चित्र क्वचितच आढळेल. देह गेला, पण मुलावरची नजर काही निघाली नाही! मुलेबाळे दूरदेशी असलेल्या आपल्यापैकी अनेकांना हे चित्र आतून कळेल.

या पुस्तकाची मोहिनी तीन गोष्टींत आहे. पहिली, चित्रे. मिझुकींच्या पार्श्वभूमी पाहाव्यात : जुनी घरे, बांबूची बने, दगडी कबरी, पावसात भिजलेली रात्र, सारे ठिपक्याठिपक्यांनी, रेघारेघांनी इतके बारीक रंगवलेले की मातीचा वास यावा. आणि त्यात वावरणारी पात्रे मात्र दोनचार ओबडधोबड रेघांची. खऱ्याखुऱ्या जगात खोटी वाटणारी माणसे आणि भुते हिंडतात. त्यामुळे जगच भुताटकीचे वाटू लागते.

दुसरी मोहिनी उंदीरमाणसाची. नेझुमी-ओतोको हा अर्धा मनुष्य, अर्धा भूत. तीनशे वर्षांत स्नान नाही, पैशासाठी मित्राला विकेल, संकट आले की पक्ष बदलील, आणि पुढच्या गोष्टीत पुन्हा निर्लज्जपणे दारात उभा. मिझुकींचे हे लाडके पात्र. कितारो सज्जन आहे म्हणून आपण त्याचा आदर करतो. उंदीरमाणूस मात्र आपल्या ओळखीचा निघतो. तीस वर्षांच्या नोकरीत आम्हांला तो निरनिराळ्या हुद्द्यांवर भेटलेला आहे.

तिसरी मोहिनी सर्वांत खोल. या पुस्तकातील भुते माणसांहून क्रूर नाहीत. युद्धात जे पाहिले ते मिझुकींनी १९७३ च्या एका वेगळ्या चित्रकथेत सांगितले आहे. ज्या सेनाधिकाऱ्यांनी अर्धपोटी सैनिकांना निरर्थक मरणाच्या तोंडी दिले, त्यांच्यापुढे छत चाटणारे भूत काय भीती घालणार? म्हणून कितारोतील भुते बहुधा आपले रान, आपला डोह, आपली झोप परत मागत असतात. वाचकाला भीती वाटते, पण द्वेष वाटत नाही.

इतके गुण गायिल्यावर उणिवाही सांगितल्या पाहिजेत. नाहीतर हे भाषण प्रशस्तिपत्रक होईल.

१९६५ पासून कितारो एका मोठ्या साप्ताहिकात छापला जाऊ लागला. १९६८ च्या जानेवारीत तो दूरचित्रवाणीवर आला. त्यापूर्वी ‘स्मशानातला कितारो’ हे अशुभ नाव बदलून ‘गेगेगे’चा कितारो असे बाळबोध नामकरण करण्यात आले. नावाबरोबर स्वभावही बदलला. भाड्याच्या पुस्तकातील कितारो हा विडी ओढणारा, माणसांच्या बऱ्यावाईटाची फारशी फिकीर नसलेला, खरोखरच गूढ पोरगा होता. साप्ताहिकातील कितारो परोपकारी वीर झाला. आणि मग गोष्टींना साचा आला. कोणाला तरी भूत छळते, कितारोकडे पत्र येते, तो जातो, प्रथम गिळला तरी जातो किंवा वितळवला तरी जातो, मग पूर्वजांच्या केसांनी विणलेली बंडी, उडणाऱ्या खडावा किंवा डोळेबापाची युक्ती कामी येते, भूत हरते. पाच गोष्टी ओळीने वाचल्या की सहावीचा शेवट आधीच कळतो. आणि शेवट कळला की भय संपले.

याहून मोठी उणीव लढाईची. लोककथेतल्या भुतावर उपाय असतो तो जाणतेपणाचा. नुरिकाबेने वाट अडवली तर काठीने त्याच्या वरच्या अंगाला मारून उपयोग नाही, खाली पायथ्याशी फटका मारावा म्हणजे तो नाहीसा होतो. बेतोबेतो-सानाला वाट द्यावी. चकवा लागला तर धावत सुटू नये, असेल तेथे बसून राहावे आणि उजाडण्याची वाट पाहावी, असे मोठी आत्या सांगे. हे सारे अंधारात डोके शांत ठेवण्याचे धडेच आहेत. साप्ताहिकातील कितारोने उपायांच्या जागी मारामारी आणली. १९६६ च्या ‘भुतांचे महायुद्ध’ या कथेत तर पाश्चात्त्य ड्रॅक्युला आदी मंडळी एका बेटावर चाल करून येतात आणि जपानी भुते फौज उभारून त्यांच्याशी लढतात. ज्याने युद्धात हात गमावला त्याच्याच भुतांना गणवेश चढावा, यात मोठी विसंगती आहे.

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची मर्यादा. कितारोचे सोबती कोण आहेत? वाळू फेकणारी म्हातारी, रडक्या बाळाचा आवाज काढणारा म्हातारा, उडते सुती ठाण आणि नुरिकाबे भिंत. ही नावे मिझुकींना मिळाली कुनियो यानागिता यांच्या लेखनातून. हे गृहस्थ जपानी लोकसंस्कृतीच्या अभ्यासाचे जनक. १९०० साली ते शेतकी व व्यापार खात्यात रुजू झाले आणि १९१९ पर्यंत सरकारी सेवेत होते. (सरकारी नोकरीत राहूनही काही चिरंतन काम करता येते, याचा एवढा पुरावा आम्हांला पुरेसा आहे.) त्यांचे ‘तोनोच्या गोष्टी’ हे पुस्तक १९१० चे. पुढे त्यांनी भुतांच्या नावांची जी सूची केली, तीत प्रत्येक नावाला मुलूख होता. वाळू फेकणारी म्हातारी नारा आणि ह्योगो भागातली, रडका म्हातारा तोकुशिमाच्या डोंगरातला, ठाण कागोशिमाचे, नुरिकाबे फुकुओकाच्या किनाऱ्यावरचा. आणि त्या म्हातारीविषयी सूचीत म्हटले आहे की तिला पाहिलेले कोणी नाही. एकाकी रानातून जाताना अंगावर वाळू पडते, एवढेच.

मिझुकींनी त्या म्हातारीला चेहरा दिला. नुरिकाबेला डोळे आणि पाय दिले. आज जपानमधील कोणतेही मूल नुरिकाबेचे चित्र काढून दाखवील. परंतु तो कोणत्या किनाऱ्यावरचा, हे किती मुलांना सांगता येईल? साकाइमिनातोमध्ये १९९३ साली मिझुकींच्या भुतांचे २३ कांस्यपुतळे उभारून एक रस्ता सजवण्यात आला. पुढे ती संख्या १७० च्या वर गेली. चहूं प्रांतांतील भुते तेथे एका ओळीत उभी आहेत, आपापले रान, डोंगर, वळण मागे टाकून.

बंधुभगिनींनो, तो रस्ता म्हणजे एक मंडळच नव्हे काय? आम्ही हे थट्टेने म्हणत नाही. आपणही कोणी मालवणचे, कोणी जळगावचे, कोणी अकोल्याचे, कोणी बेळगावचे. गावी असताना आपली बोली वेगळी, आमटीची चव वेगळी, ग्रामदैवत वेगळे. येथे आल्यावर आपण सारे नुसते ‘मराठी’ झालो. एक गणपती, एक तिळगूळ, एक पुरणपोळी, एक प्रमाणभाषा. त्यामुळेच तर पन्नास वर्षे तगून राहिलो. मिझुकींनी चेहरा दिला नसता तर ती भुतेही सूचीच्या पानांत मेली असती, तसेच हे आहे. म्हणून त्यांना दोष देताना आमचा आवाज चढत नाही. त्यांनी शहरातल्या, घरात आजी नसलेल्या लाखो मुलांना नोन्नोन्बा मिळवून दिली. २०१५ च्या नोव्हेंबरात वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते गेले, तोवर कितारो तीन पिढ्यांचा झाला होता. परंतु चेहरा मिळवताना पत्ता हरवतो, ही किंमत आपण मोजतो आहोत, हे निदान ठाऊक तरी असावे.

येथे कोणी म्हणेल, भुतेखेते विसरली गेली तर बरेच झाले. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. भुताच्या नावाखाली भगत-मांत्रिकांनी किती घरे लुबाडली आणि किती दुबळ्या बायकांचा छळ झाला, म्हणून तर महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. याच धाकाने आम्ही आमच्या कन्येला एकही गोष्ट सांगितली नाही. सुशिक्षित बापाचे ते कर्तव्य समजलो. पण गोष्ट ऐकणे वेगळे आणि मांत्रिकाच्या दारी जाणे वेगळे, एवढा विवेक मुलांना शिकवता आला असता. आम्ही सोपा मार्ग पत्करला आणि गप्प राहिलो. आता विचारावे तर मोठी आत्या हयात नाही.

म्हणून एक विनंती करून थांबतो. मंडळाच्या ग्रंथालयात एक कोरी वही ठेवावी. तीत ज्येष्ठांनी आपापल्या बोलीत, आपापल्या गावची एकेक गोष्ट लिहावी. भूत दिसते कसे हे लिहू नये. ते मुलांच्या कल्पनेला सोडावे. कोणते झाड, कोणते वळण, कोणती वेळ, कसला आवाज आणि काय उपाय, एवढेच लिहावे. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीचा वेतोबा आहे. रात्री गावाच्या सीमेवर फिरून त्याची पायताणे झिजतात म्हणून लोक त्याला नवी वाहतात. झिजलेल्या त्या पायताणांत गावाची सारी हद्द मावलेली असते. असले काही तपशील आपल्यापाशी असतील, ते आपल्याबरोबर जाऊ देऊ नयेत.

त्या सकाळचा शेवट सांगावयाचा राहिला. कन्येच्या प्रश्नाने बेचैन होऊन आम्ही गावी चुलतभावाला दूरध्वनी केला आणि पिंपळाची चौकशी केली. तो म्हणाला, “अरे, रस्ता रुंद झाला तेव्हाच गेला तो.” आम्ही हिरमुसून कन्येला म्हणालो, “आता तो बिचारा मुंजा कुठे गेला असेल कोण जाणे.”

ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, “त्याचीही बदली झाली असेल, बाबा.”